कॉलेजचं गणित पुन्हा हातात घेताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून येणारे नेहमीचे प्रश्न

पंधरा-वीस वर्षांनी गणिताकडे वळणारी माणसं आपल्या भागात वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. कुणी बीएस्सी अर्ध्यावर सोडून उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला लागलेला. कुणी लग्न होऊन खानापुरात आलेली, आता बीएड करायचं म्हणून आधी पदवी पुरी करायला निघालेली. कुणी डिप्लोमानंतर कित्येक वर्षं सीएनसी मशीन चालवून इंजिनिअरिंगचा विचार करणारा. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. खालची उत्तरं क्रमानेच वाचायला हवीत असं नाही, पण पहिली दोन सोडू नका.

सगळं विसरलंय. सुरुवात कुठून करू?

आठवीच्या बीजगणितापासून. उत्तर ऐकून लोकांचे चेहरे पडतात, तरी ते बदलत नाही.

"सगळं" विसरलेलं नसतंच. आधी नेमकं काय गेलंय ते बघा. कोरा कागद घ्या, मोबाइल लांब ठेवा आणि ही सात उदाहरणं सोडवा.

१) ३/४ − ५/६
२) −३² आणि (−३)², दोन्ही
३) २⁻³
४) (२क्ष − ३)² चा विस्तार
५) क्ष² − क्ष − ६ चे अवयव
६) प = २(ल + ब) यातून ब काढा
७) १/क्ष + १/य हे एकाच अपूर्णांकात लिहा

उत्तरं अशी: −१/१२; −९ आणि ९; १/८; ४क्ष² − १२क्ष + ९; (क्ष − ३)(क्ष + २); ब = प/२ − ल; आणि (क्ष + य)/(क्ष×य).

सातही बरोबर आली आणि हात कुठे अडला नाही, तर सरळ अकरावीच्या पुस्तकाकडे जा. पाच-सहा आली तर नववीपासून सुरू करा. त्याहून कमी आली तर आठवी. दुसऱ्या उदाहरणात दोन्ही ठिकाणी ९ लिहिलंत तर काळजी करू नका, बहुतेकांचं तिथंच घसरतं. पण ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढे हीच चूक दर पानावर भेटणार आहे.

मला कॅल्क्युलस शिकायचाय. त्याला आठवीचं पुस्तक कशाला?

कारण कॅल्क्युलसमध्ये नापास होणारे बहुतेक जण कॅल्क्युलसमुळे नापास होत नाहीत. एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू. १/क्ष या फलाचं (फंक्शनचं) अवकलन (डेरिव्हेटिव्ह) मूळ व्याख्येवरून काढायचं आहे. व्याख्या सांगते की क्ष थोडा वाढवा, ती वाढ ह समजा, फलात पडलेला फरक ह ने भागा आणि मग ह शून्याकडे न्या.

पहिली ओळ: [१/(क्ष+ह) − १/क्ष] ÷ ह
दुसरी: समान छेद करून, [क्ष − (क्ष+ह)] ÷ [ह × क्ष × (क्ष+ह)]
तिसरी: कंस सोडवून, −ह ÷ [ह × क्ष × (क्ष+ह)]
चौथी: ह ने छेदून, −१ ÷ [क्ष × (क्ष+ह)]
पाचवी: ह शून्याकडे गेला की −१/क्ष²

आता या पाच ओळींत कॅल्क्युलस किती ते मोजा. पहिल्या ओळीत व्याख्या, पाचवीत सीमा (लिमिट). मधल्या तीन ओळी म्हणजे अपूर्णांकांची वजाबाकी, कंसाबाहेरचं वजा चिन्ह आणि छेदणं. हे सगळं शाळेतलंच. विद्यार्थी अडकतो तो दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत वजा चिन्ह फक्त क्ष ला लागतं, ह तसाच अधिक राहतो आणि उत्तर भलतंच येतं. मग तो म्हणतो, "कॅल्क्युलस आपल्या डोक्यावरून जातं."

सीमा ही कल्पना समजायला एक संध्याकाळ पुरते. समान छेद हाताला बसायला महिनाभर लागतो. म्हणून तो महिना आधी द्या.

शाळेच्या गणितातलं नेमकं काय काय करायचं आणि काय सोडायचं?

सर्वांत जास्त वेळ अपूर्णांक आणि चिन्हांना. त्यातही आकड्यांचे अपूर्णांक नव्हेत, अक्षरांचे. मग कंस, विस्तारसूत्रं, अवयव आणि वर्गसमीकरण. सूत्रात एक अक्षर एकीकडे एकटं आणणं हा सराव पुस्तकात स्वतंत्र धडा म्हणून फारसा सापडत नाही, पण कॉलेजात रोज लागतो. दिसेल त्या सूत्रावर तो करत बसा. सरळव्याजाचं सूत्र घ्या आणि त्यातून मुदत काढा, दर काढा, मुद्दल काढा.

त्यानंतर घातांक. ऋण घातांक आणि अपूर्णांकातले घातांक या दोन्हींची हाताला सवय झाली पाहिजे. घन मूळ म्हणजे एक-तृतीयांश घात, हे वाचताक्षणी कळायला हवं. मग लॉग, आलेख आणि शेवटी त्रिकोणमिती.

आलेखाबद्दल दोन शब्द जास्त. शाळेत आपण आलेख कागदावर ठिपके मांडून काढला, मार्क घेतले आणि विसरलो. कॉलेजात आलेख वाचावा लागतो. क्ष², क्ष³, १/क्ष, √क्ष, २ चा क्ष घात, लॉग, साइन आणि कॉस, या आठांचा आकार डोळे मिटून काढता आला पाहिजे. नंतर "दोनने उजवीकडे सरकवला तर कसा दिसेल" हेही सांगता आलं पाहिजे. आलेख काढून दाखवणारं जिओजेब्रा किंवा डेसमॉस ॲप मोबाइलवर फुकट मिळतं. आधी हाताने काढा, मग त्यावर ताडून बघा.

भूमितीची प्रमेयं, रचना, भागाकार पद्धतीने वर्गमूळ हे सध्या बाजूला ठेवा. पायथागोरस, समरूप त्रिकोण आणि वर्तुळाचं समीकरण एवढी भूमिती पुरे.

लोक कुठल्या चुका पुन्हा पुन्हा करतात?

चार चुका सगळीकडे दिसतात.

(क्ष + ३)/क्ष यात वरचा-खालचा क्ष उडवून उत्तर ३ लिहिणं. क्ष च्या जागी १ घाला, मूळ किंमत ४ येते. छेदता येतो तो गुणाकारातला अवयव, बेरजेतला तुकडा नव्हे.

√(९ + १६) म्हणजे ३ + ४ = ७ असं लिहिणं. ते √२५ म्हणजे ५ आहे.

(क्ष + य)² म्हणजे क्ष² + य². मधलं २क्ष×य कुठे गेलं?

आणि समीकरणाला क्ष ने भागून मोकळं होणं. क्ष² = ५क्ष याला क्ष ने भागलं की क्ष = ५ एवढंच उत्तर उरतं, शून्य हे दुसरं उत्तर हातचं जातं.

यातल्या पहिल्या तिन्हींवर एकच औषध आहे: शंका आली की अक्षराच्या जागी साधा आकडा घाला. १ किंवा २ घालून दोन्ही बाजू जुळत नसतील तर पायरी चुकलेलीच आहे. ही सवय लागली की मास्तर लागत नाही.

मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्रिकोणमिती शाळेत कधीच कळली नाही. आता कळेल का?

तुम्ही ती रोज वापरता. टेपर (निमुळता भाग) काढताना कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारा फिरता भाग, किती अंशावर फिरवायचा ते कसं ठरवता? मोठा व्यास ५० मिमी, लहान ४० मिमी, लांबी १०० मिमी. व्यासातल्या फरकाचा निम्मा ५, भागिले लांबी १००, म्हणजे ०.०५. हा झाला त्या कोनाचा टॅन. उलटा टॅन काढला की कोन २.८६ अंश, म्हणजे २ अंश ५२ मिनिटं.

शॉपमध्ये एक झटपट रीतही चालते: व्यासातला फरक भागिले लांबी, गुणिले २८.६५. आपल्या उदाहरणात १०/१०० × २८.६५ = २.८६५. जवळजवळ तेच उत्तर. हा २८.६५ आकडा आला कुठून, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एक रेडियन म्हणजे साधारण ५७.३ अंश, त्याचा निम्मा २८.६५. कोन लहान असला आणि रेडियनमध्ये मोजला की टॅनची किंमत आणि कोन जवळपास सारखेच येतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला "थीटा शून्याकडे जाताना साइन थीटा भागिले थीटा म्हणजे १" हे जे घोकून घेतात, त्याचाच हा भाऊबंद. टेपर जास्त उभा घेऊन बघा, समजा टॅन ०.५. खरा कोन २६.५७ अंश, झटपट रीतीने २८.६५. तिथे रीत फसते. का फसते हे सांगता आलं तर तुम्हाला रेडियन कळला.

कॉलेजात रेडियन का वापरतात हा प्रश्न वर्गातल्या पोरांपेक्षा तुम्हाला लवकर सुटेल.

लॉग आणि तो "ई" हा आकडा कशासाठी असतो? पीयूसीत (अकरावी-बारावीत) नुसता पाठ केला होता.

पतसंस्थेच्या व्याजातून बघू. एक लाख रुपये, द.सा.द.शे. १२, एक वर्ष. व्याज वर्षातून एकदा जमा झालं तर १,१२,००० होतात. दर महिन्याला एक टक्का जमा करून त्यावर पुढचं व्याज धरलं तर १,१२,६८३. रोज जमा केलं तर १,१२,७४७. दर तासाला, दर मिनिटाला केलं तर? आकडा वाढतो, पण १,१२,७५० च्या पुढे काही जात नाही. तिथे तो अडतो. एक लाख गुणिले ई चा ०.१२ घात केला की नेमका हाच आकडा येतो. ई ची किंमत साधारण २.७१८. व्याजाचे हप्ते कितीही बारीक केले तरी वाढीला एक मर्यादा असते, त्या मर्यादेतून हा आकडा जन्मला.

लॉग उलटा प्रश्न सोडवतो. १२ टक्के चक्रवाढीने पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं? १.१२ चा कितवा घात २ होतो ते शोधायचं: लॉग २ भागिले लॉग १.१२, म्हणजे ०.३०१० भागिले ०.०४९२, जवळजवळ ६.१ वर्षं. "७२ ला दराने भागा" ही जी बाजारातली रीत आहे तीही ६ सांगते. कुणी सहा वर्षांच्या आत दुप्पट करून देतो म्हणाला तर तो दर १२ च्या वर देतोय, किंवा फसवतोय. हा हिशेब येणं कॉलेजला न जाताही फायद्याचं आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजात सगळं इंग्रजीत. गणितापेक्षा याचीच भीती वाटते.

आपल्या भागात ही भीती घरोघरी आहे. एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी, पीयूसी सायन्सला एकदम इंग्रजी, शेजारी कन्नड माध्यमातून आलेलाही तितकाच गोंधळलेला. तो गोंधळ तेव्हा निस्तरला नव्हता, म्हणून आताही पोटात गोळा येतो.

संज्ञा मोजक्या आहेत. अवकलन म्हणजे डेरिव्हेटिव्ह, संकलन म्हणजे इंटिग्रल, फल म्हणजे फंक्शन, सीमा म्हणजे लिमिट, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमिअल, निश्चयक म्हणजे डिटर्मिनंट. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, पंधरा दिवसांत प्रश्न मिटतो. खरी अडचण जोडशब्दांची: "लेट", "सच दॅट", "फॉर एव्हरी", "देअर एक्झिस्ट्स", "इफ अँड ओन्ली इफ". प्रमेय न कळण्याचं कारण पुष्कळदा यातला एखादा शब्द असतो. "फॉर एव्हरी" आणि "देअर एक्झिस्ट्स" यांची जागा बदलली की वाक्याचा अर्थच पालटतो. गावातल्या प्रत्येक घराला एक विहीर आहे आणि गावात अशी एक विहीर आहे जी प्रत्येक घराची आहे, यात जो फरक आहे तोच.

करायचं काय? नवीन व्याख्या आली की ती आधी मराठीत मोठ्याने सांगा, मग इंग्रजी वाक्य तसंच्या तसं लिहा. समजून घ्यायला मराठी, पेपर लिहायला इंग्रजी. बालभारतीची मराठी माध्यमाची गणिताची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इंग्रजीतली पुस्तकंही तशीच, आणि कर्नाटकात पीयूसी सायन्सचं गणित एनसीईआरटीच्याच पुस्तकांवर चालतं. जो धडा दोन्हींत सापडेल तो शेजारी शेजारी उघडून बसा.

प्रवेश कुठे घ्यावा? बेळगाव की सीमेपलीकडे?

इथे मी कॉलेजांची शिफारस करणार नाही, पण काही गोष्टी तपासा.

बेळगाव जिल्ह्यातली साधी पदवी कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. हे विद्यापीठ २०१० सालचं. त्याआधी शिकला असाल तर तुमच्या गुणपत्रिकेवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं नाव असेल आणि दुय्यम प्रतीची चौकशी धारवाडलाच करावी लागेल. इंजिनिअरिंगचं तसंच: विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (व्हीटीयू) १९९८ मध्ये झालं. ही कागदपत्रं आधी काढा. अभ्यासापेक्षा यालाच जास्त वेळ जातो.

कर्नाटकात २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि २०२४-२५ पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे शेजारच्या मुलाच्या नोट्स दोन-तीन वर्षं जुन्या असतील तर पेपरांची विभागणी तुमच्याशी जुळेलच असं नाही. ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षीचा अभ्यासक्रम मागून घ्या.

निपाणी, चिक्कोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणीकडच्यांना मिरज-सांगली. शिवाजी विद्यापीठाकडे जायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि मधल्या वर्षांबद्दल गॅप सर्टिफिकेटही बऱ्याच ठिकाणी मागतात. (राज्य बदललं की कागद वाढतात. भास्कराचार्यांचं गाव विजापूर की चाळीसगावजवळचं पाटण, यावरही अभ्यासकांत अजून एकमत नाही, तर आपलं काय घेऊन बसलात.)

नोकरी सांभाळून करायचं असेल तर इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, बघा. वयाची अट नाही, जुलै आणि जानेवारी अशी वर्षातून दोनदा प्रवेशाची संधी असते, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. त्यांचं छापील साहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. प्रवेश घेण्याआधीच तिथला कॅल्क्युलसचा पहिला भाग उतरवून चाळा, झेपतंय का ते कळेल. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाची मान्यता मध्ये काही वर्षं अडकली होती आणि २०१८ मध्ये परत मिळाली. म्हणून कुठलंही मुक्त विद्यापीठ असो, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर त्या वर्षासाठी आणि त्याच अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे का हे स्वतः बघा. एजंटाच्या तोंडी शब्दावर फी भरू नका.

डिप्लोमा करून बरीच वर्षं झाली. थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग झेपेल का?

झेपतं, पण गणितात खड्डा आहे हे आधीच धरून चला. डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन दुसऱ्या वर्षाला बसलात की पहिल्या वर्षाचे दोन गणिताचे पेपर तुम्ही ओलांडलेले असतात. वर्गातल्या इतरांनी आंशिक अवकलन, अवकल समीकरणं, मॅट्रिक्स हे सगळं केलेलं असतं. व्हीटीयूने म्हणूनच डिप्लोमावाल्यांसाठी पूरक गणिताचे पेपर ठेवले होते. ते "नुसतं पास व्हायचं" म्हणून उरकू नका. प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाचं गणित स्वतः करा. दुसऱ्या वर्षाचं फुरिअर आणि लाप्लास हे पानोपानी संकलन आहे, आणि संकलन येत नसेल तर तिथे मान वर काढायला जागा मिळत नाही.

रोज किती वेळ द्यावा?

रोज एक तास. रविवारी सहा तास हा त्याला पर्याय नाही. पाळी सुटून आल्यावर डोकं चालत नसेल तर पहाटे बसा. ऊस तोडणीत, गणपतीत, लग्नसराईत तास मिळणार नाही, तेव्हा वीस मिनिटं तरी बसा आणि जुनी तीन उदाहरणं करा.

तो तास कसा घालवता हे जास्त महत्त्वाचं. सोडवलेलं उदाहरण वाचून "कळलं" म्हणणं हा सर्वांत मोठा धोका. रीत अशी ठेवा: उदाहरण वाचा, उत्तरावर वही ठेवून झाका, स्वतः सोडवा. अडलात तर वही एक ओळ खाली सरकवा, तेवढीच ओळ बघा, पुन्हा झाका. पूर्ण झालं की दोन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या पानावर, पुस्तक न उघडता. तेव्हा आलं तर आलं. पेनने लिहा आणि चूक झाली तर खोडू नका, एक रेघ मारा. महिन्याने वही चाळली की आपण कुठे घसरतो ते रेघाच दाखवतात.

क्लास लावू का? की यूट्यूब पुरे?

बेळगावात टिळकवाडीतले बहुतेक क्लास सीईटी आणि जेईईच्या मुलांसाठी चालतात. त्यांचा वेग अठरा वर्षांच्या पोराला धरून असतो आणि आठवीचं बीजगणित येतंच असं गृहीत असतं. तुमचे पैसे तिथे वाया जातील. त्यापेक्षा एखादे निवृत्त शिक्षक किंवा एमएस्सीला असलेली मुलगी आठवड्यातून एक तास शंका सोडवायला मिळाली तर बघा. आठवडाभर अडलेल्या जागा वहीत खूण करून न्यायच्या आणि फक्त तेवढंच विचारायचं.

व्हिडिओंमध्ये एनपीटेल आणि स्वयम हे सरकारी ऑनलाइन वर्ग भरवशाचे. शिकणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर फी. पण अर्ध्या तासाच्या व्हिडिओमागे तासभर स्वतःचं लिहिणं नसेल तर ती करमणूकच झाली.

फोटो काढला की उत्तर देणारी ॲप आणि एआय यांचं काय, हेही विचारतात. आपलं उत्तर पूर्ण लिहून झाल्यावर तपासायला वापरा. आधी उघडलंत तर उदाहरण त्यांनी सोडवलं, तुम्ही नव्हे. आणि तीही चुकतात, तेव्हा त्यांच्या पायऱ्याही आकडा घालून तपासा.

मुलगी पीयूसीला आहे. तिच्यासमोर आठवीचं पुस्तक घेऊन बसायला कसंतरीच वाटतं.

तिला म्हणा, "बाळ, मला हे समजावून सांग." तिची उजळणी होईल आणि तुमचं काम. शिवाय तिलाही −३² अडतंय हे बहुधा पहिल्याच दिवशी कळेल.

काय पाठ करावं?

वीसपर्यंतचे पाढे. विस्तारसूत्रं. ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या साइन, कॉस, टॅनच्या किंमती (९० चा टॅन सोडून). साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १. अवकलनाची आठ-दहा मूळ सूत्रं. बाकी सगळं यातून काढता येतं, आणि काढता यावं.

कॅल्क्युलेटर वापरू का?

लॉग आणि उलट्या टॅनसाठी हो. ७/१२ + ५/८ साठी नाही.

बीएस्सीला "सिद्ध करा" असे प्रश्न असतात म्हणे. ते कसे जमायचे?

हा वेगळाच प्रांत आहे, आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी हा प्रश्न सोडला तरी चालेल. पुढे रिअल ॲनालिसिस आणि अमूर्त बीजगणित आलं की उत्तर आकड्यात येत नाही, युक्तिवादात येतं. त्याची सवय लहान गोष्टींवर आत्ताच लावता येते.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा खेळ घ्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ वर हेच करा, ७६४१ − १४६७ = ६१७४. तिथेच अडकलात. कुठल्याही संख्येने सुरुवात करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो.

आता सिद्धतेचा प्रश्न: यातली प्रत्येक वजाबाकी ९ ने भागली जाते, का? चार अंक अ, ब, क, ड. संख्या म्हणजे १०००अ + १००ब + १०क + ड. त्यातून अंकांची बेरीज वजा केली की ९९९अ + ९९ब + ९क उरतात, आणि हे ९ ने भागलं जातं. म्हणजे कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागलं तर बाकी सारखीच उरते. आपल्या दोन्ही संख्यांत अंक तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून बेरीज तीच, बाकी तीच, आणि वजाबाकी केली की बाकी उडते. झाली सिद्धता. शंभर उदाहरणं करून "बघा, येतंय" म्हणणं आणि हे चार ओळींचं कारण यातला फरक ज्याला आवडला, त्याने बीएस्सीला गणित जरूर घ्यावं. ज्याला कंटाळा आला त्याने सांख्यिकी किंवा कॉम्प्युटरकडे बघावं, त्यात कमीपणा काही नाही.

तयारी झाली हे कसं ओळखायचं? किती महिने लागतील?

रोजचा तास खरोखर झाला तर आठवीपासून निघालेल्या माणसाला सहा ते आठ महिने धरा. प्रवेश जुलैचा असेल तर दिवाळीनंतर लगेच बसा. कन्नड, इंग्रजी भाषांचे आणि इतर विषयांचे पेपरही डोक्यावर असणार आहेत, ते यात धरलेले नाहीत.

ओळखायचं असं. पुढची चार उदाहरणं पुस्तक बंद करून, एका बैठकीत.

१) क्ष तीनकडे जाताना (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष − ३) ची सीमा. नुसते ३ घातले तर शून्य भागिले शून्य येतं, म्हणून आधी अवयव पाडावे लागतात.
२) [√(क्ष+ह) − √क्ष] ÷ ह हे असं लिहा की छेदातला एकटा ह निघून जाईल.
३) २ चा क्ष घात ५० असेल तर क्ष किती?
४) थीटा दुसऱ्या चरणात (९० ते १८० अंशांच्या मध्ये) आहे आणि साइन थीटा ३/५. कॉस थीटा किती?

उत्तरं: १, १/[√(क्ष+ह) + √क्ष], साधारण ५.६४, −४/५. चौथ्यात वजा चिन्ह राहिलं असेल तर फक्त चरणांचा धडा पुन्हा बघा. दुसरं अडलं असेल तर अजून महिनाभर करणींवर (वर्गमुळाच्या राशींवर) थांबा आणि प्रवेशाचे कागद तोवर गोळा करत राहा.